रिकामा रकाना

गुडघ्यांनी मला शाळेत घातलं. नाहीतर चोपन्नाव्या वर्षी, सकाळी सात ते दुपारी दोन वॉर्डात उभी राहून झाल्यावर, तीन ते पाच संगणकासमोर बसायची हौस कोणाला असते?

मी शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. एकोणीस वर्षं त्या वॉर्डाची ड्यूटी लिस्ट मी केली. लांब वही, पेन्सिल, खोडरबर. दर गुरुवारी पुढच्या आठवड्याचं पान आखायचं आणि कोण सकाळी, कोण दुपारी, कोण रात्री ते नावानिशी भरायचं. मग शुक्रवारी सकाळपासून एकेक जण येऊन पान बदलून घ्यायची. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या सासूचे डोळे, कोणाची नुसतीच कुरकुर. शनिवारपर्यंत पान खोडून खोडून पातळ व्हायचं. हे काम मला फार आवडायचं असं नाही, पण माझ्याइतकं ते कोणाला जमायचं नाही, आणि हे मी सगळ्यांना ऐकवायचेही.

मग वरून कागद आला. ड्यूटी लिस्ट आता यंत्र करणार. तयार विकत आणलेला एक प्रोग्रॅम आधी लावून बघितला होता. त्याने पहिल्याच आठवड्यात एका सिस्टरला रात्रपाळीहून सुटल्या सुटल्या सकाळपाळीला उभं केलं आणि एका वॉर्डात सकाळी कोणालाच ठेवलं नाही. तेव्हा साहेबलोकांच्या डोक्यात आलं की काम ज्यांना कळतं त्यांनाच प्रोग्रॅम लिहायला शिकवावं. प्रत्येक विभागातून एक जण, बारा आठवड्यांचा वर्ग, शेवटी प्रत्येकाने आपल्या विभागाचा प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. ज्याचा सगळ्यांत चांगला चालेल त्याला नियोजन कक्षात खुर्ची.

त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात दुसरी गोष्ट होती. यापुढे दोन वॉर्डांना मिळून एकच इन्चार्ज. उरलेली पुन्हा पाळीत, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र, सगळं. शेजारच्या वॉर्डाची इन्चार्ज माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होती आणि जिने पळत चढायची, त्यामुळे कोण उरणार ते सांगायला ज्योतिषी नको होता. माझ्या निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. डाव्या गुडघ्यात आता गादीच नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला ती खुर्ची हवी होती. तत्त्व वगैरे काही नाही, खुर्चीच हवी होती.

वर्ग भरायचा तो तळमजल्यावरच्या प्रशिक्षणाच्या खोलीत. तिथे एका भिंतीला मोडक्या चाकाच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या आणि दुसऱ्या भिंतीला सहा संगणक. माझ्या कीबोर्डाचं एक बटण गळालेलं होतं, तिथे पेनाच्या टोकाने दाबावं लागायचं. आम्ही पाच जण. माझ्या शेजारी औषधभांडाराचा भांडारी बसायचा, बोलायला गोड, घोरायला खणखणीत.

शिकवणारे मास्तर अठ्ठावीस-तीसचे असतील. दिवसातून तीन ठिकाणी वर्ग घ्यायचे आणि आमचा तिसरा. डोळ्यांखाली काळं, शर्टाच्या खिशात नेहमी गोळ्यांची पट्टी. पहिल्या दिवशी फळ्याला पाठ टेकून म्हणाले, "आठ दिवस संगणकाला हात लावायचा नाही. आधी कागद. मोठं काम घ्या, त्याचे तुकडे करा, तुकड्याचे पुन्हा तुकडे करा. जोवर एकेक तुकडा बावळटातल्या बावळट माणसाला करता येत नाही तोवर तोडत राहा."

"एवढं तोडायला आम्ही सर्जन असतो तर इथे कशाला बसलो असतो?" मी म्हणाले. मास्तर हसले नाहीत. त्यांना हसायलाही त्राण नव्हतं बहुतेक.

पहिला गृहपाठ दिला की रोज करता असं कुठलंही एक काम पायऱ्यापायऱ्यांनी लिहून आणा. मी चादर बदलणं घेतलं. एकतीस पायऱ्या लिहिल्या. कोपरा कसा दुमडायचा, सुरकुती कुठे राहते, सगळं. मला वाटलं, आता हा पोरगा बघतच राहील.

मास्तरांनी वाचलं आणि चौथ्या पायरीवर बोट ठेवलं. "‘जुनी चादर अर्ध्यापर्यंत गुंडाळा.’ अर्ध्यापर्यंत का?"

"कारण पलीकडच्या अर्ध्यावर पेशंट आहे."

"पेशंट कुठे लिहिलाय?"

"अहो, पलंगावर पेशंट असतोच. त्याला उठवून चादर बदलायची तर घरची कामवालीही बदलेल. त्याला कुशीवर करून खालून बदलायची, त्यालाच तर नर्सिंग म्हणतात."

"बरोबर आहे तुमचं, ताई. पण यंत्राला पेशंट दिसत नाही. तुमच्या हाताला जे माहीत आहे ते कागदावर नाही." मग ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "तुमचं सगळ्यांचं हेच होणार. जे तुम्ही सगळ्यांत चांगलं करता तेच लिहायचं राहील."

घरी आल्यावर मी यावर तासभर चिडचिड केली. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालाय आणि तेव्हापासून स्वयंपाकघर त्याने ताब्यात घेतलंय; चवीचं काही बोलायचं नाही, पण गरम मिळतं. तो म्हणाला, "पोरगा चुकला काय त्यात? मी लिफ्टच्या पोरांना हेच सांगायचो. आधी बघा, लिफ्टमध्ये माणूस आहे का." त्या दिवशी मी भाजीला मीठ कमी असल्याचं मुद्दाम सांगितलं.

पण शिकले. नाकी नऊ आले, तरी शिकले. जर, तर, नाहीतर. तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायचं तर फेरा कसा लावायचा, आणि फेऱ्याला थांब कधी सांगायचं. एकदा थांबायचं सांगायला विसरले तर पडद्यावर माझंच नाव खालीखाली धावत सुटलं, भांडारी झोपेतून जागा होऊन म्हणाला, "अभिनंदन, सिस्टर, तुमचीच लिस्ट लागली." डोळे चुरचुरायचे. पाय सुजायचे, मी खुर्चीखाली वह्यांचा गठ्ठा ठेवून त्यावर टाच टेकायचे. काही दिवस असे जायचे की दोन तासांत एक ओळ, आणि तीही चुकीची.

मास्तरांचा एक हट्ट होता. प्रत्येक नियमाच्या वर, एका साध्या वाक्यात, तो नियम का आहे ते लिहायचं. यंत्र ते वाचत नाही, ते माणसांसाठी. "उद्या तुम्ही नसाल," ते म्हणायचे. "तुमच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल. त्याला कळायला हवं की तुम्ही हे असं का केलंत."

सातव्या आठवड्यात मी माझे नियम मांडले. आमच्या वॉर्डात आठ जणी, सगळ्यांची खरी नावं सोडून मी वॉर्डातलीच नावं टाकली. मोठ्या आवाजाची ती तोफ. दोन वर्षांपूर्वी लागलेली ती लिंबूटिंबू. जुळ्यांची आई. अबोली, जी आठ तासांत आठ शब्द बोलायची. आणि आणखी चौघी. रोज सकाळी तीन, दुपारी दोन, रात्री दोन. आठवड्यातून प्रत्येकीला एक सुट्टी. रात्रीनंतर लगेच सकाळ नाही. वर लिहिलं, ‘माणूस आहे म्हणून’. जुळ्यांच्या आईला दुपारपाळी नाही, ‘शाळा तेव्हाच सुटते’. तोफ आणि तिची मावसबहीण एका पाळीत नाहीत, ‘दोघींचं घरचं भांडण वॉर्डात येतं’. असे सात नियम झाले. मास्तरांनी वाचून मान डोलावली. त्यांच्याकडून मान डोलली म्हणजे माझ्यासाठी पदकच होतं.

प्रोग्रॅम चालवला. सोमवारपासून नावं भरत गेली, अगदी माझ्या वहीसारखी. आणि रविवारच्या दुपारी एक रकाना रिकामा राहिला.

पुन्हा चालवला. आता गुरुवारी रात्री रिकामा. क्रम बदलून बघितला, रिकामा रकाना मंगळवारी गेला. सतरंजीखाली हवा राहावी तसं, इथे दाबलं की तिथे फुगायचं. पुढचे दहा दिवस घोडं कुठे पेंड खातंय ते शोधण्यात गेले. मास्तरही दोनदा वर्ग संपल्यावर थांबले. त्यांनी ओळ न् ओळ तपासली आणि म्हणाले, "कोडमध्ये चूक नाही, ताई. तुमच्या वहीत कधी रकाना रिकामा राहतो?"

"एकोणीस वर्षांत एकदाही नाही," मी म्हणाले. गर्वाने म्हणाले, खोटं कशाला सांगू?

"मग तुम्ही काहीतरी करता जे इथे लिहिलेलं नाही. मागच्या दोन वर्षांच्या वह्या यंत्रात घाला. मोजू या."

दोन वर्षांची एकशे चार पानं. मी टंकायचं आणि नवऱ्याने वाचायचं असं ठरलं. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी तासभर तो चष्मा नाकावर ओढून सुरू व्हायचा. "सोमवार सकाळ. तोफ, अबोली, लिंबूटिंबू. सोमवार दुपार..." आवाज असा, जणू वीज कधी जाणार याची यादी वाचतोय. पाचव्या दिवशी मध्येच थांबून म्हणाला, "अगं, ही अबोली घरी कधी जाते?"

"वाचा तुम्ही पुढे," मी खेकसले.

त्याने वाचलं. मी टंकलं. ते वाक्य कानावर आलं होतं, आत गेलं नव्हतं.

वह्या घेऊन मी वर्गात गेले. मास्तर पानं उलटत होते. कोणालाही त्या पानांवरून काही कळू नये, इतकी खाडाखोड. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ताई, सगळी नावं पेन्सिलने आहेत. हे एक नाव प्रत्येक पानावर पेनाने का?"

मी वाकून बघितलं. अबोली. सोमवार, मंगळवार, सगळीकडे निळ्या शाईत. सहज म्हणाले, "ते बदलावं लागत नाही ना. बाकीच्या शुक्रवारी येतात, रडतात, बदलून घेतात. ही येत नाही. म्हणून हिचं सरळ पेनाने लिहून टाकते. तेवढंच खोडायचं काम वाचतं."

बोलल्यावर मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते.

मास्तरांनी उठून फळ्यावर लिहिलं, रोज सात जागा, सात दिवस. सात साती एकोणपन्नास. मग त्याखाली, आठ जणी, प्रत्येकीचे सहा दिवस. आठ सखं अठ्ठेचाळीस. खडू ठेवला आणि खुर्चीवर बसले. "आपण दहा दिवस कोड तपासत होतो," ते म्हणाले. "पाढे म्हटले असते तरी चाललं असतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्या वॉर्डात पूर्वी नऊ जणी होत्या. नववी सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाली. मी तीन अर्ज केले, तीनही वेळा उत्तर आलं की वॉर्ड व्यवस्थित चालू असल्याने जागा तूर्तास भरण्याची गरज नाही. कोणी रजा घेतली तर दुसऱ्या वॉर्डातून बदली मिळायची, पण साप्ताहिक सुट्टीला ती मिळत नाही. म्हणजे दर आठवड्याला एक जागा उघडी, आणि तिथे कोणाची तरी सुट्टी मोडायची. बदली सुट्टी नंतर देऊ असं म्हणायचं. नंतर कधी येतं?

यंत्राने मोजून दिलं. एकशे चार आठवड्यांत एकशे चार सुट्ट्या मोडल्या होत्या. त्यातल्या एक्याऐंशी अबोलीच्या. तोफेच्या दोन. दोन वर्षांत अबोलीला एकंदर तेवीस सुट्ट्या मिळाल्या होत्या. एकेक करून प्रत्येक मला माहीत होती, मीच लिहिली होती. सगळ्या एका जागी कधी बघितल्या नव्हत्या.

"आता दोन मार्ग आहेत," मास्तर थकल्या आवाजात म्हणाले. "एक, नियम आणखी एक घाला. रकाना रिकामा राहिला तर तिथे अबोली. प्रोग्रॅम पूर्ण चालेल, तुमच्या वहीशी जुळेल, परीक्षेला हेच बघतात. दुसरा, रकाना रिकामा ठेवा आणि यंत्राला तसं सांगू द्या. मग परीक्षक काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. सांगू शकतो खरं तर. अपूर्ण म्हणतील."

खरं सांगायचं तर मी पहिला मार्ग घेतला. एक ओळ लिहिली, बटण दाबलं, आणि एकोणपन्नास रकाने भरले. एकही उघडा नाही. महिनाभर ज्या गोष्टीने माझा जीव खाल्ला ती क्षणात झाली. मला इतकं हलकं वाटलं की मी भांडाऱ्याला उठवून दाखवलं. नियोजन कक्षात खिडकीजवळ टेबल आहे, लिफ्टला लागून, हेही माझ्या मनात येऊन गेलं.

मग वरचं वाक्य लिहायला बसले. हा नियम का आहे ते. ‘अबोली अनुभवी आहे म्हणून’ असं लिहिलं. पण तिच्याहून अनुभवी तिघी होत्या. खोडलं. ‘अबोली जवळ राहते म्हणून’. ती दोन बस बदलून येते. खोडलं. ‘तिची हरकत नसते म्हणून’. हे बराच वेळ ठेवलं. मग तेही पुसलं, कारण हरकत मी कधी विचारलीच नव्हती. शेवटी लिहिलं, ‘ती नाही म्हणत नाही म्हणून’. ते खरं होतं. आणि माझ्या जागी पुढे जो कोणी बसेल त्याला हे वाक्य वाचता येणार होतं, किंवा त्याहून वाईट, तो ते न वाचता नुसतं बटण दाबत राहणार होता. माझ्या हातून निदान कधीमधी दया तरी होत होती, तेवीसदा का होईना. यंत्राकडून तीही झाली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी सुटताना अबोली चादरींच्या खोलीत घड्या मोजत होती. मी दार लोटलं आणि स्टुलावर बसले, उभं राहवत नव्हतंच.

"एक विचारू?" मी म्हणाले. "दर वेळी तुझी सुट्टी मोडायचे. तू कधी नाही का म्हणाली नाहीस?"

ती घड्या मोजतच राहिली. मग म्हणाली, "तुम्ही विचारायचात कुठे, ताई? तुम्ही सांगायचात."

"तरी. बाकीच्या येऊन भांडतात की."

"मी आले होते एकदा. पहिल्या वर्षी. वडिलांना तपासणीला न्यायचं होतं, रविवारीच भाऊ मोकळा असायचा गाडी घेऊन. तुम्ही म्हणालात, बघू." तिने चादरींचा गठ्ठा कपाटात सरकवला. "तुमचं बघू म्हणजे नाही, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग नेलं का त्यांना?"

"नेलं. पुढच्या महिन्यात." एवढंच म्हणाली. तो महिना उशीर त्यांना महागात पडला की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

मग मी तिला सगळं सांगितलं. रकाना, एकोणपन्नास आणि अठ्ठेचाळीस, एक्याऐंशी, आणि ती ओळ. तिने ऐकलं. एक्याऐंशीला तिचा चेहरा हलला नाही. तो आकडा तिला माझ्या आधीपासून माहीत असावा.

"मग आता काय करणार तुम्ही?" तिने विचारलं.

"बघू," मी म्हणाले, आणि जीभ चावली. ती हसली नाही. दिवा बंद करून निघून गेली, मी आत बसलेली असताना.

परीक्षा घ्यायला तीन जण होते. मधोमध उपअधीक्षक. भांडाऱ्याचा प्रोग्रॅम कुठलं औषध कधी संपणार ते सांगायचा, आणि झकास चालला. इतका झोपणारा माणूस एवढं शिकला कधी ते देव जाणे. मग माझा नंबर. ती ओळ मी सकाळीच काढून टाकली होती. धैर्य वगैरे म्हणू नका. रात्रभर तळमळले होते आणि नवरा पहाटे वैतागून म्हणाला होता, "काढ गं ती ओळ आणि झोपू दे मला."

बटण दाबलं. अठ्ठेचाळीस रकाने भरले. शनिवारच्या दुपारी एक पांढरा राहिला आणि खाली अक्षरं उमटली, ‘या आठवड्यात एक माणूस कमी आहे.’

"हे अपूर्ण आहे," उपअधीक्षक म्हणाले.

"प्रोग्रॅम पूर्ण आहे, साहेब. माणसं अपुरी आहेत."

"पण आतापर्यंत तर भरत होतं की सगळं. तक्रार कधी आली नाही."

"तक्रार न करणारी एक होती आमच्याकडे. तिच्यावर चाललं." हे सांगताना माझा आवाज चढला, आणि मला स्वतःचाच राग आला, कारण तिच्यावर चालवणारीही तिथेच उभी होती. तेही मी सांगितलं. एक्याऐंशीचा आकडा सांगितला आणि लिस्ट माझ्या हातची होती हे सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मास्तर मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते. त्यांचा पाय हलत होता.

पंधरा दिवसांनी कागद आला. नियोजन कक्षाची खुर्ची भांडाऱ्याला. माझ्या प्रोग्रॅमची दखल घेण्यात आली होती, आणि वॉर्डात एक जागा कमी असल्याचं मान्य करण्यात आलं होतं. इन्चार्जपद एकत्र झाल्याने मोकळी झालेली सिस्टर त्या जागी देण्यात येत होती. म्हणजे मी. तो कागद वाचून नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग पाणी प्यायला आणि माझ्या पायाशी येऊन बसला आणि गुडघा चेपत राहिला. मला रडू आलं. मी ते आवरलं नाही, घरात कोणापासून लपवायचं?

आता आम्ही नऊ. नऊ सखं चोपन्न. प्रोग्रॅम तोच, माझाच. भांडारी गुरुवारी बटण दाबतो आणि एकही रकाना उघडा राहत नाही. सगळ्यांना सुट्ट्या मिळतात. तोफ म्हणते, यंत्र तुमच्यापेक्षा बरं, ताई, तोंड तरी वाकडं करत नाही. वर एक गंमत अशी की आता नऊ जणी झालो म्हणून रजेची बदली बाहेरून मिळायची बंद झाली. आमची मागणी मान्य झाली आणि आमचीच चटणी झाली, पण ते असो.

पहिले तीन आठवडे निभावले. चौथ्यात मला लागोपाठ दोन रात्री, एका दिवसाच्या विश्रांतीनंतर शुक्रवारची सकाळ आणि रविवारची दुपारपाळी आली. शुक्रवारी सकाळची पाळी संपेस्तोवर डावा गुडघा फुगून दुप्पट झाला होता. जिन्याच्या कठड्याला धरून मी कपडे बदलायच्या खोलीपर्यंत गेले. अबोली तिथे होती, चपला घालत होती. रविवारी तिची सुट्टी आहे हे मला पाठ होतं. नऊ जणींची लिस्ट मला अजूनही न बघता पाठ असते.

"रविवारी दुपारी तू ये गं," मी म्हणाले. "मी तुझी बुधवारची करते."

तोंडातून आलं ते असं आलं. एकोणीस वर्षांची सवय, गुडघ्याने जात नाही. मी पुढे म्हणणार होते की जमेल का, पण तोवर तिने वर बघितलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

मी थांबले. नाही म्हटलं की माणूस पुढे काहीतरी सांगतं. पाहुणे आहेत, बरं वाटत नाही, वडिलांचं काही आहे. मी त्या कारणाची वाट बघत राहिले, कारण ते मिळालं असतं तर मला त्याच्यावर काहीतरी बोलता आलं असतं. तिने दुसऱ्या पायातली चप्पल नीट केली, पर्स उचलली.

"काही काम आहे का?" शेवटी मीच विचारलं.

"काही नाही. सुट्टी आहे माझी." आणि निघाली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मला बरं वाटायला हवं होतं. कोणी दुसरं ही हकीकत सांगत असतं तर त्याने इथे म्हटलंच असतं की मला भरून आलं. मला राग आला. बाई, हे एक नाही तुला म्हणता यावं म्हणून मी माझी खुर्ची घालवली, आणि ते पहिलं मलाच? कोणाला म्हणायला हवं होतं तिने, हाही प्रश्नच आहे म्हणा.

मी बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने उठले, गुडघ्याला पट्टा आवळला आणि रविवारी दुपारी दोनला यायचं म्हणून बसचं वेळापत्रक बघितलं.